वसंताआधी ओल धरा

माघ सरता सरता ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याच्या आसपास पळस-पांगारा फुलायला लागतो, आंब्याला मोहोर असतो आणि भात निघालेल्या खाचरांत वालाच्या शेंगा भरतात. याच दिवसांत घरामागचं परस मात्र उदास दिसतं. पाचोळ्याचा थर, कडक होत चाललेली माती, वाळलेले वेल. बागकामाची पुष्कळशी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेलेली असल्यामुळे त्यांतला सल्ला तिथल्या वसंताला धरून असतो. बर्फ वितळून जमीन चिंब झालेली असते, म्हणून ती खणून मोकळी करायची आणि तिला ऊन लागू द्यायचं. आपल्याकडे गरज नेमकी उलटी आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ज्या भातसा धरणातून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा जातो, ते ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्या गावपाड्यांनाच उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा मुलखात बागेची वसंताची तयारी म्हणजे मातीतली ओल राखायची तयारी.

सुरुवात माती ओळखण्यापासून करावी. इथली माती काळ्या बसाल्ट खडकाची. खाचरात ती चिकण, माळावर मुरमाड. नवी घरं आणि गोदामं उभी राहताना भरावाला मुरूम पडतो आणि पिकाऊ माती त्याच्याखाली गाडली जाते. आपल्या परसात काय आहे ते एका काचेच्या बरणीत कळतं. बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. गाळाच्या कणांना दोनेक तास लागतात. ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असलेले चिकणमातीचे कण दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ तरंगत राहतात. कण जितका लहान तितका तो सावकाश बसतो. खाली बसलेल्या थरांची जाडी पाहिली की मातीचा स्वभाव समजतो. चिकण जास्त असेल तर पाणी धरून राहील, पण वाळल्यावर भेगा पडतील. वाळू-मुरूम जास्त असेल तर घातलेलं पाणी खाली निघून जाईल. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, ते म्हणजे सेंद्रिय पदार्थ. चिकण मातीत त्याने कणांचे गोळे बांधले जाऊन हवा खेळते आणि मुरमाड मातीत तोच पाणी धरून ठेवतो.

हा सेंद्रिय पदार्थ पाचोळ्याच्या रूपाने अंगणात पडलेलाच असतो, आणि आपण तो झाडून पेटवतो. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्याची पद्धत या भागात जुनी आहे. त्या उष्णतेने तणांचं बी मरतं आणि राखेतून पालाश मिळतं. पण पानांतला बहुतेक कार्बन आणि नायट्रोजन धुरावाटे निघून जातो. परसात तर असं भाजायचं काहीच कारण नाही. मात्र पाचोळा मातीत पुरूही नये. वाळक्या पानांत नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे पन्नासएक भाग असतात. तो कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नायट्रोजन कमी पडला, की ते मातीतला उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. हाच पाचोळा वर पसरला, तर ही ओढाताण वरच्या पातळ थरापुरतीच राहते. आधी कुजलेलं शेणखत, मग भरपूर पाणी आणि त्यावर चार बोटं जाडीचा पाचोळा, असा क्रम ठेवावा. खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडावी. आच्छादनामुळे ऊन-वारा थेट मातीला लागत नाही, बाष्पीभवन मंदावतं आणि गांडुळं वरच्या थरात काम करत राहतात.

मग खणायचं किती? शक्य तितकं कमी. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदाच करतात. नंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, आणि कापलेल्या पिकाची मुळं जमिनीतच राहू देतात. मुळं कुजली की त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात आणि त्यांतून हवा-पाणी खाली जातं. हे तत्त्व परसातही चालतं. संपलेला वालाचा वेल उपटू नका, जमिनीलगत कापा.

पेरणीची वेळ अचूक साधणं फार महत्त्वाचं. टोमॅटोचा मोसम आता गेला. दिवसाचं तापमान पस्तिशीकडे गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला, की त्याचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुलं गळतात. भेंडी, गवार आणि चवळी यांना मात्र ऊब हवीच असते. काकडी, दुधी, कारली यांचं बी थंडी सरताच टोकावं. या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. दिवस लहान आणि हवा सौम्य असताना मादी फुलांचं प्रमाण वाढतं, तर ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की नर फुलं वाढतात. शिमग्यानंतर लावलेला वेल मांडवभर फुलतो आणि दुधी मोजकेच लागतात, त्याचं एक मोठं कारण हे. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांचं परागीभवन मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात. पतंग फिरकत नसतील तर दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवावं. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बोटाएवढा दुधी आधीच असतो.

ओल राखायच्या या दिवसांत मोगरा हा अपवाद. त्याला आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. ताणात वाढ थांबते आणि फांद्यांत अन्नसाठा होतो. मग छाटणी केली की शेंड्याचा वचक जातो आणि खालचे डोळे फुटतात. कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, म्हणून छाटणी चुकवली तर झाड वाढतं आणि फुलं कमी मिळतात. छाटल्यावर शेणखत आणि नियमित पाणी द्यावं.

कुंड्यांची जागा आजच्या सावलीवरून ठरवू नका. पडघा सुमारे १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या मध्यावर तो भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि घराच्या भिंतीची सावली नाहीशी होते. नाजूक रोपांसाठी मांडव किंवा हिरवी जाळी आत्ताच बांधावी.

ही मेहनत उन्हाळ्यापुरती नाही. उघड्या मातीवर जूनचे टपोरे थेंब आदळतात, तेव्हा तिचा वरचा थर फुटतो, बारीक कण छिद्रांत बसतात आणि पाणी न जिरता वाहून जातं. झाकलेल्या मातीत तेच पाणी मुरतं. महामार्गालगत काँक्रीट आणि पत्र्याची छपरं वाढत असताना पाणी जिरायला जी उघडी जमीन उरली आहे, तिच्यात आपली परसंही आहेत. म्हणून पाचोळा पेटवू नये आणि शेजाऱ्यालाही तेवढं समजावून सांगावं. एका आळीतल्या दहा घरांनी एवढं केलं, तरी तिथल्या विहिरीकडे जाणाऱ्या पाण्यात भर पडेल.