विद्यापीठाचं कॅलेंडर निवडताना

विद्यापीठासाठी मेलची व्यवस्था निवडायची म्हटली की समितीत तीन प्रश्न हमखास येतात: खर्च किती, स्पॅमचं काय आणि प्रत्येकाला किती जीबी? शेवटच्याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करत असल्याचं गूगलने २०२१ मध्ये जाहीर केलं आणि फुकटच्या योजनेत अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी अशी मर्यादा घातली. मायक्रोसॉफ्टही पुढे त्याच आकड्यावर आली. खाती २५ हजार असतील तर माणशी ४ जीबी, आणि त्यातच ड्राइव्हवर टाकलेले लेक्चरचे व्हिडिओही आले.

पण मेलमध्ये निवड चुकली तरी मार्ग असतो. एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे पत्र नेणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ पासूनची, सगळ्यांची सामायिक. पत्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या डोमेनवर असेल तर एमएक्स नोंदी बदलल्या की नवी पत्रं नव्या कंपनीकडे जायला लागतात. जुनी आयमॅपने ओढून घेता येतात. शनिवार-रविवार जातो, पण होतं.

कॅलेंडरचं तसं नाही. तिथेही मानकं आहेत: आयकॅलेंडर १९९८ चं, कॅलडॅव्ह २००७ चं. तरी विंडोजवरचं नेहमीचं आउटलुक स्वतःहून कॅलडॅव्ह बोलत नाही. कार्यक्रमांची यादी आयसीएस फाइलमधून बाहेर काढता येते. पण सेमिनार हॉल कोणी अडवलाय, एचओडींच्या कॅलेंडरमध्ये ऑफिसातल्या कोणाला लिहायची परवानगी आहे, ही सगळी जुळणी त्या फाइलबरोबर येत नाही. म्हणून माझ्या मते निवडीत कॅलेंडरला मेलपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा. सहसा उलटंच होतं.

इथे एक जुनं संशोधन उपयोगी पडतं. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये, एकत्र कामासाठीची सॉफ्टवेअर का फसतात, यावर एक निबंध लिहिला. त्यातलं एक उदाहरण म्हणजे बैठकीची वेळ आपोआप ठरवणारं कॅलेंडर. बैठक बोलावणाऱ्या साहेबाला त्याचा फायदा. पण ते चालायचं तर बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर रोज भरायचं, आणि त्यांच्या पदरात काही नाही! काम एकाचं, लाभ दुसऱ्याचा, म्हणून लोक भरत नाहीत.

याउलट एक्सआरडी मशीनशेजारची, दोऱ्याने पेन बांधलेली वही घ्या. तिथे लिहिणाऱ्यालाच स्लॉट मिळतो, त्यामुळे ती कोणी न सांगता भरते.

१९९५ मध्ये ग्रुडिन यांनीच लेसिया पेलन यांच्यासोबत मायक्रोसॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पाहिलं, तर तिथे कॅलेंडर सर्रास वापरात होतं. वरून फतवा निघाला म्हणून नव्हे. सोबतचे वापरतात, न वापरणारा मागे पडतो, हा दबाव जास्त कामाचा ठरला. दोन्हीकडे एक फरक होता: सनमध्ये मुळात सगळ्यांना सगळ्यांचं कॅलेंडर वाचता यायचं, मायक्रोसॉफ्टमध्ये फक्त 'मोकळा की गुंतलेला' एवढंच दिसायचं. आणि बहुतेकांनी आलेली सेटिंग तशीच ठेवली.

म्हणजे आयटी विभागातला माणूस पहिल्या दिवशी जो पर्याय टिकमार्क करेल, तोच हजारो लोकांचा नियम होणार. विद्यापीठात हा खेळ नाही. 'समुपदेशक, ४ वाजता' ही नोंद अख्ख्या विभागाला दिसणं किंवा न दिसणं त्या एका टिकमार्कवर ठरतं. सुरुवातीला फक्त 'मोकळा की गुंतलेला' दिसावं आणि बाकी ज्याचं त्याने उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचणी घेताना एक छोटा प्रयोग जरूर करा. न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ची दर आठवड्याची मीटिंग टाका. हिवाळ्यात ती आपल्याकडे संध्याकाळी ७:३० ला दिसली पाहिजे, आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकली की ६:३० ला. सॉफ्टवेअर फक्त 'साडेदहा तासांचा फरक' लक्षात ठेवत असेल, जागेचं नाव नाही, तर मार्चमध्ये तुम्ही एक तास उशिरा पोचाल.

आणि करार करण्याआधी विचारायचा एक प्रश्न आम्हा पीएचडीवाल्यांचा. शोधनिबंधावर पत्रव्यवहारासाठी छापलेला पत्ता विद्यापीठाचा असतो. व्हायवा झाला, खातं बंद झालं, की आमचा डेटा मागणाऱ्याचं पत्र परत जातं. १०० टीबीच्या हिशोबात जुनी खाती आधी कापली जाणार, हे उघड आहे. पण पूर्ण खातं न ठेवता फक्त आलेलं पत्र नव्या पत्त्यावर पुढे पाठवायला साठवण जवळपास लागत नाही. ती सोय किती वर्षं राहील, हे निविदेतच लिहून घ्या.