पडदा कोरा, नोंद शाबूत

नाशिकमध्ये बसून दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांना टीमक्स ही आज्ञावली मोठा आधार वाटते; जोडणी तुटली तरी सत्र सर्व्हरवर चालूच राहते. गोम इथेच आहे. चुकून पडद्यावर उमटलेला पासवर्ड 'क्लिअर' या आज्ञेने दिसेनासा होतो, परंतु मागील ओळींच्या साठ्यात अनेकदा तो उरतो. हा साठा मुळात प्रत्येक चौकटीमागे २००० ओळींचा असतो. त्याच खात्यातून सत्राला जोडला जाणारा सहकारी मागे सरकून त्या ओळी सहज वाचू शकतो. म्हणून आधी पडदा पुसावा; मग कंट्रोल-बी आणि त्यानंतर अपूर्णविराम (:) दाबून 'क्लिअर-हिस्टरी' ही आज्ञा द्यावी. ती केवळ चालू चौकटीला लागू होते. पासवर्ड आज्ञेतच टंकलेला असल्यास बॅशची नोंदवहीही तपासावी. ती वेगळ्या फाइलमध्ये असते.