वेबसाइटवर गर्दी झाली, पण पेट्या किती गेल्या?

समजा, देवगडचा एक बागायतदार स्वतःच्या वेबसाइटवरून हापूसच्या पेट्या विकतो. एका हंगामात तीन हजार भेटी झाल्या, साठ ऑर्डरी आल्या. शंभर भेटींमागे दोन ऑर्डरी, म्हणजे कन्व्हर्जन रेट दोन टक्के. पुढच्या वर्षी त्याने जाहिरातीवर पैसे घातले. भेटी दहा हजारांवर गेल्या, ऑर्डरी मात्र ऐंशीच.

गैरसमज : लोक जास्त आले की विक्री तेवढीच वाढते.

वस्तुस्थिती : लोक कुठून आले हे वेगळं काढल्याशिवाय काहीच कळत नाही. त्या दहा हजारांपैकी पाचशेजण जुन्या गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून आले आणि त्यांनी चाळीस ऑर्डरी दिल्या, तर तो दर आठ टक्के होतो. जाहिरातीवरून आलेल्या साडेनऊ हजारांनीही चाळीसच दिल्या, म्हणजे अर्धा टक्काही नाही. अडचण अशी, की व्हॉट्सॲपवरून आलेली भेट गूगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनात बहुधा ‘डायरेक्ट’ या नावाखाली जमा होते. लिंकला यूटीएमची, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणारी खूण जोडली तरच ती ओळखू येते. हे पाच मिनिटांचं काम न केल्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी प्रसिद्धीचं श्रेय हिशेबात कुठेच दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज : गोल म्हणजे फक्त ऑर्डर.

वस्तुस्थिती : गोल म्हणजे गिऱ्हाइकाने करावी अशी आपल्याला वाटणारी कोणतीही ठरावीक कृती. गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत तिला ‘गोल’ म्हणत. १ जुलै २०२३ पासून त्या आवृत्तीत नवी नोंद होणं थांबलं. आताच्या आवृत्तीत, म्हणजे जीए४ मध्ये, प्रत्येक कृती हा एक ‘इव्हेंट’ असतो आणि त्यातल्या महत्त्वाच्या इव्हेंटला २०२४ पासून ‘की इव्हेंट’ म्हणतात. पेटी निवडली, पत्ता भरला, फोन नंबरवर बोट ठेवलं, या सगळ्याची नोंद ठेवता येते, आणि खरा उपयोग या मधल्या पायऱ्यांचाच आहे.

आपल्या बागायतदाराच्या पहिल्या हंगामाकडे पुन्हा बघू. तीन हजारांपैकी चारशेजणांनी पेटी निवडली, साडेतीनशेंनी पत्ता भरला, पण पैसे भरण्याच्या पानापर्यंत नव्वदच पोहोचले. पत्ता भरल्यावर आणि पैसे भरण्याआधी असं काय दिसलं? पाठवणीचा खर्च. गिऱ्हाईक पेटीचा भाव मनाशी धरून बसलेलं असतं, शेवटी आकडा वाढलेला दिसतो आणि ते निघून जातं. असं असेल तर पानाचा रंग बदलून काही होणार नाही. पाठवणीचा खर्च पहिल्याच पानावर, भावाच्या शेजारी लिहायला हवा. नुसत्या दोन टक्क्यांकडे बघत बसलं तर ही गळती कधीच सापडत नाही.

गैरसमज : ॲनालिटिक्सचा आकडा म्हणजे गल्ल्याचा आकडा.

वस्तुस्थिती : यूपीआयने पैसे कापले गेले की अनेकजण ब्राउझरकडे परततच नाहीत. ऑर्डरची नोंद ‘धन्यवाद’च्या पानावर टांगलेली असेल, तर ती ऑर्डर ॲनालिटिक्सला कळतच नाही. उलट तेच पान पुन्हा उघडलं आणि व्यवहार क्रमांक जोडलेला नसेल, तर एक ऑर्डर दोनदा मोजली जाते. पेमेंट गेटवेवरून, म्हणजे पैसे घेणाऱ्या सेवेच्या पानावरून, परतलेल्या गिऱ्हाइकाचं श्रेय गेटवेलाच जाऊ शकतं. ते टाळण्यासाठी सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफरलची यादी असते, तिथे गेटवेचं नाव घालावं. बँकेतल्या जमेशी आठवड्यातून एकदा ताळा केलाच पाहिजे.

गैरसमज : गिऱ्हाइकाला काय आवडतं ते आपल्याला ठाऊक असतं.

वस्तुस्थिती : २००७ साली अमेरिकेत बराक ओबामांच्या प्रचार वेबसाइटवर नावनोंदणीच्या पानाची चाचणी झाली. चार बटणं आणि सहा चित्रं-चित्रफिती यांच्या चोवीस जोड्या पाहुण्यांना आलटून पालटून दाखवल्या. प्रचारातल्या मंडळींना चित्रफीत आवडत होती, पण कुटुंबाचा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण जिंकलं. नोंदणीचा दर ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेला. तिथे नावनोंदणी हा एकच गोल आधी ठरलेला होता, म्हणून निकाल लावता आला.

मात्र अशी चाचणी लहान धंद्याने जपून करावी. दोन आणि तीन टक्क्यांतला फरक नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांवर पकडायचा, तर प्रत्येक बाजूला सुमारे चार हजार भेटी लागतात. तीनशे भेटींत सहाच्या नऊ ऑर्डरी झाल्या म्हणून नवं पान चांगलं ठरत नाही. इतक्या कमी भेटींत गळतीची पायरी शोधावी आणि परत गेलेल्या चार गिऱ्हाइकांना फोन करून कारण विचारावं.

शेवटचा गैरसमज : गोल नंतरही लावता येतात, जुनी माहिती आहेच की.

नाही. एखादा इव्हेंट ‘की इव्हेंट’ म्हणून निवडला की तिथून पुढचीच मोजणी होते, आणि ज्या कृतीची नोंदच झाली नाही ती मागाहून सापडत नाही. म्हणून आंब्याला मोहोर येतो तेव्हाच गोल लावावेत, एक खोटी ऑर्डर टाकून नोंद होते का ते बघावं आणि मगच बुकिंग उघडावं.