गृहपाठ कोणाच्या घरात करायचा?

आमच्या वस्तीतील बुद्ध विहारात रोज संध्याकाळी सात ते नऊ मुले अभ्यासाला बसतात. मागच्या वर्षी भाद्रपदात सातवीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याजवळ आली. शाळेने निबंध दिला होता, 'आमच्या घरचा गणेशोत्सव'. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे गणपती बसतच नाही. मग काय लिहू?" मी उत्तर देण्याआधीच शेजारच्या पोराने तोडगा काढला, "गाईडमध्ये आहे ना, उतरव की!" तिने उतरवला. आरास, मोदक, आरती, विसर्जनाचे डोळ्यांतले पाणी, सगळे आले. दुसऱ्या दिवशी वहीवर लाल शाईत 'छान' असा शेरा मिळाला.

तिच्या आजीला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. त्यातली गौरी-गणपतीची प्रतिज्ञा ती नातवंडांकडून म्हणवून घेते. त्याच घरातल्या मुलीला गुण मिळवण्यासाठी स्वतःच्या घराबद्दल खोटे लिहावे लागले. बाईंनी मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. साठ मुलांचा वर्ग, हाताशी ठरलेले विषय. 'आमच्या घरचा एक सण किंवा कार्यक्रम' एवढा बदल केला असता तर त्या मुलीने धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना रेल्वेच्या डब्यात काय काय पाहिले ते लिहिले असते, आणि तिच्या ईदवाल्या मैत्रिणीलाही गाईड उघडावे लागले नसते. पण शाळेच्या मनात एकच घर असते आणि सर्व मुले त्याच घरातून येतात असे ती धरून चालते.

गृहपाठाची खरी गोम इथेच आहे. या घरात वेगळी खोली आहे, टेबल आहे, संध्याकाळी मोकळी असलेली शिकलेली आई आहे, रंगीत प्रिंट काढायला पैसे आहेत. ज्याच्याकडे हे सारे आहे त्याची वही स्वच्छ येते. ज्याच्याकडे नाही तो बाकावर उभा राहतो. मग शाळेने तपासले काय? मुलाचा अभ्यास की त्याचे घर?

यावर आपलेच काही बांधव म्हणतात, बाबासाहेब नाही का चाळीतल्या एका खोलीत शिकले? खरे आहे. परळच्या चाळीतल्या त्या खोलीत सगळे कुटुंब राहायचे. सुभेदार रामजी भीमरावाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून दिव्यापाशी अभ्यासाला बसवायचे. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात मुलांना सांगतो, पण अर्धीच सांगतो. रामजीबाबा लष्करी शाळेत शिक्षक होते. इंग्रजी जाणत होते, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके मुलाकडून घोटून घेत होते. खोली लहान होती, पण त्या खोलीत एक मास्तर होता. आज ज्या मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते आणि बाप वॉचमनच्या पाळीवर जातो, त्याच्या खोलीत रात्री दोन वाजता कोण उठणार?

तर मग गृहपाठच बंद करा, असे एक मत निघते. हे मत बहुधा ज्यांच्या मुलांना शिकवणी आहे त्यांच्याकडून येते. गृहपाठ बंद झाला तरी त्यांची शिकवणी चालूच राहील. आपल्या मुलाच्या हातून मात्र शाळेबाहेर पुस्तक उघडण्याचे एकुलते निमित्त जाईल. अमेरिकेतील हॅरिस कूपर या अभ्यासकाने २००६ साली अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. वरच्या वर्गांत गृहपाठाचा आणि प्रगतीचा संबंध ठळक दिसतो, खालच्या वर्गांत तो क्षीण आहे, असे त्यात आढळले. सहावी ते आठवी हा मधला टप्पा. इथे मुलाला एकट्याने बसायची सवय लावायची असते. त्यासाठी थोडाच गृहपाठ हवा, पण तो मुलाला कोणाच्या मदतीशिवाय जमणारा हवा.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाने सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. प्रत्यक्षात काय होते? सहावीपासून विषयाला वेगळे शिक्षक येतात. प्रत्येक जण 'अर्ध्या तासाचेच तर आहे' म्हणून देतो. सहा विषयांचे तीन तास होतात आणि ही बेरीज कोणीच करत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात आज कोणी किती दिले ते लिहून ठेवले तरी पुढच्या तासाच्या सरांना समजेल. याला काही खर्च नाही.

आणि दिलेले तपासायचे तर वाचून तपासावे. धड्याखालची प्रश्नोत्तरे उतरवून आणायची आणि त्यावर बरोबरची खूण पडायची, यात शिकणारा कोणी नसतो. त्यापेक्षा वर्गात समजलेल्या रीतीची चार गणिते द्यावीत आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे 'कुठे अडले' हे विचारावे. अडलेल्याला शिक्षा नको, अडले म्हणून तर तो शाळेत येतो. व्हॉट्सअॅपवर गृहपाठ पाठवण्याची २०२० च्या टाळेबंदीतली सवय अजून काही शाळांत टिकून आहे. घरातला एकच मोबाईल बापाच्या खिशात, बाप रात्री दहाला घरी. पोराने गृहपाठ कधी वाचायचा? प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको, ते स्टेशनरीच्या दुकानात तयार होतात.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब, शेतीची माहिती, आरोग्य असे रोजच्या कामाचे विषय मागितले होते. घरचे वीजबिल वाचून युनिटचा दर काढा, रेशनच्या धान्याचा महिन्याचा हिशेब मांडा, असा गृहपाठ झोपडीतल्या मुलालाही जमतो. तिथे त्याची आई अडाणी ठरत नाही, तीच माहिती देणारी होते. फक्त 'आपल्या घराण्याचा परंपरागत व्यवसाय लिहा' असले काही देऊ नका. आमच्या पिढीने तो प्रश्न वर्गात उभे राहून सोसलेला आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. भिंतीवर सावित्रीमाईंची तसबीर, आणि रात्री आठला तिच्याखाली मुलगी भांडी घासते, भाऊ मात्र अभ्यासाला मोकळा. याचा दोष शाळेला देता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार विनाअनुदानित सोडून इतर शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, सभासदांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. तिथे आपण जातो का? गेलो तर सही करून परत येतो. पुढच्या बैठकीला मुलाची वही घेऊन जा आणि ती टेबलावर उघडून ठेवा.

राहिला जागेचा प्रश्न. वस्तीवस्तीत विहार आहे. पौर्णिमेला, १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला उघडतो, एरवी कुलूप. आमच्याकडेही तेच होते. अभ्यासिकेचा विषय निघाला तेव्हा कमिटीत पहिला वाद झाला तो लाईट बिलावर. दोन ट्यूबलाईट आणि एक पंखा, महिन्याला किती येईल? शेवटी घरटी दहा रुपये ठरले. शिकवायला कोणी नाही, कॉलेजातली दोन मुले आळीपाळीने आपला अभ्यास घेऊन मध्ये बसतात, अडलेले विचारले तर सांगतात. मुलींना नऊनंतर घरापर्यंत सोडायला बायकांनी पाळ्या लावल्या आहेत. विहाराची किल्ली पूर्वी एकट्या अध्यक्षांकडे असे आणि ते गावी गेले की दार बंद. आता ती तिघांकडे आहे.