सूर्य जवळ असताना थंडी का?

आज मकर संक्रांत. घरोघरी सुगडांची पूजा मांडली जात असेल, देवापुढे तिळगुळाची वाटी ठेवली जात असेल आणि पहाटेच्या गारठ्यात नदीवर स्नान करून आलेल्यांच्या अंगावर शहारे उभे असतील. हा सण सूर्यनारायणाचा. त्याच सूर्यनारायणाविषयी एक चुकीची गोष्ट आम्ही सुमारे तीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो आणि ती चूक आमच्या नातीने चार मिनिटांच्या एका चित्रफितीने दाखवून दिली. हे सांगताना संकोच वाटत नाही असे नव्हे. परंतु व्यासपीठावरून केलेली चूक चव्हाट्यावरच सुधारावी, असा आमच्या संप्रदायाचा दंडक आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सायंकाळी कृष्णाकाठच्या देवळात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, "मंडळी, आजपासून सूर्यनारायण आपल्या जवळ येऊ लागतो, म्हणून थंडी ओसरते आणि पुढे उन्हाळा येतो." श्रोत्यांनी माना डोलावल्या. घरी परतल्यावर सातवीत शिकणारी आमची नात हळूच जवळ आली व म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगितलंत ते बरोबर नाही. सूर्य आत्ताच सगळ्यांत जवळ आहे." आम्ही हसलो. "अगं, जवळ असता तर ही थंडी कशी पडली असती?" तिने काही न बोलता मोबाइल आमच्या हाती दिला.

त्या चित्रफितीचा आरंभच आमच्या वाक्याने झाला! 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, असे तुम्हांला वाटते ना?' असे विचारून सांगणाऱ्याने क्रमाक्रमाने उलगडा केला. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ती सर्वांत दूर, म्हणजे सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरांवर जाते. ऋतूंचे मुख्य कारण अंतर नव्हे, तर पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल होय. त्या कलामुळे या दिवसांत उत्तर गोलार्धावर किरणे तिरपी पडतात, तोच प्रकाश अधिक भूमीवर पसरतो आणि दिवसही लहान असतो. अंतरच कारण असते, तर जानेवारीत साऱ्या पृथ्वीवर उन्हाळा असता. प्रत्यक्षात तो ऑस्ट्रेलियात असतो, आपल्याकडे नसतो. ओघाने हेही सांगावयास हवे की, सूर्याचे उत्तरेकडे सरकणे २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. आपली संक्रांत निरयन गणनेची. सायन व निरयन गणना सुमारे १७०० वर्षांपूर्वी जुळत होत्या. अयनचलनामुळे आज त्यांत चोवीस अंशांचे अंतर पडले आहे. हे पंचांगाचे गणित आम्हांस मुखोद्गत होते, तरीही 'सूर्य जवळ येतो' हे वाक्य आम्ही कधी तपासून पाहिले नव्हते!

आमच्या संगतीला विद्वान मंडळीही आहेत, एवढेच समाधान. १९८७ साली अमेरिकेत 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा एक लहानसा बोधपट निघाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी व अध्यापक मिळून २३ जणांना, ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला का होतात, असे त्यात विचारले होते. त्यांपैकी २१ जणांची समजूत चुकीची निघाली आणि ऋतूंविषयी बहुतेकांनी अगदी आमचेच उत्तर दिले!

सुज्ञ वाचकहो, येथवर या छोट्या चित्रफितींची स्तुती झाली. आता दुसरी बाजू. त्या रात्री आमचीही जिज्ञासा चाळवली. आकाश निळे का, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते, जांभई कशी येते... एक संपताच दुसरी आपोआप पुढे येई. दहा-बारा पाहून, बरेच ज्ञान पदरी पडले या समाधानात आम्ही निद्राधीन झालो. सकाळी संध्या आटोपून आठवू गेलो, तो एकीचेही उत्तर धड सांगता येईना! मनात पक्के राहिले होते ते एकच, सूर्याचे. असे का व्हावे?

'जिज्ञासा' हा शब्द 'ज्ञा' धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. जिज्ञासा म्हणजे ज्ञान नव्हे, जाणण्याची इच्छा. भूक आणि भोजन यांत जो भेद, तोच येथे. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू समिधा हाती घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी तत्काळ उत्तरे देत नाहीत. वर्षभर तप, ब्रह्मचर्य व श्रद्धापूर्वक येथे राहा, मग विचारा, असे सांगतात. आम्हांस वाटते, ते वर्ष प्रश्न पिकण्यासाठी होते. आज प्रश्न मुलाच्या ओठांवर येतो न येतो तोच उत्तर बोटाखाली हजर! भूक लागण्यापूर्वीच घास भरविला, तर तो अंगी कसा लागावा?

या शंकेचे उत्तर आम्हांस अशा चित्रफिती करणाऱ्या एका गृहस्थाकडेच मिळाले. डेरेक म्युलर हे 'व्हेरिटॅशियम' या विज्ञानविषयक वाहिनीचे कर्ते. ती त्यांनी २०११ साली यूट्यूबवर सुरू केली. तत्पूर्वी, २००८ साली, सिडनी विद्यापीठात त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला होता. त्यांनी पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना गतिशास्त्रावरील चित्रफिती दाखविल्या. ज्यांना केवळ सुबोध व शुद्ध विवेचन दाखविले, ते म्हणाले, 'फारच स्पष्ट, सहज समजले.' परीक्षा घेतली, तर त्यांचे गुण जवळजवळ होते तेथेच! दुसऱ्या गटाला दाखविलेल्या चित्रफितीत आधी विद्यार्थ्यांच्या मनातील चुकीची समजूत बोलून दाखविली होती आणि मग तिचे निरसन केले होते. त्यांना ती पाहताना डोक्याला अधिक ताण पडला, परंतु गुण मात्र लक्षणीय वाढले.

कारण उघड आहे. वर फेकलेल्या चेंडूचेच पाहा. हात सुटल्यावरही हाताचा जोर चेंडूत राहतो व तोच त्याला वर नेतो, असे आपल्याला वाटते. वास्तविक, हवेचा किंचित अडथळा सोडला तर त्या चेंडूवर एकच बल असते, ते पृथ्वीच्या ओढीचे, खाली. नुसते खरे उत्तर कानी पडले, की मन म्हणते, 'हे तर मला ठाऊकच होते,' आणि जुनी समजूत होती तशीच आत बसून राहते.

हे वाचून आम्हांस परम संतोष झाला, कारण आपल्या शास्त्रकारांची विवेचनपद्धती याहून निराळी नाही. प्रथम विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि अखेरीस सिद्धांत. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही समर्थपणे मांडावे आणि मगच खोडावे, ही थोर शास्त्रकारांची रीत. पूर्वपक्षावाचून आलेला सिद्धांत पाहुण्यासारखा असतो. दारातूनच परत जातो. आम्हीही तीस वर्षे श्रोत्यांना नुसते सिद्धांतच ऐकवीत आलो काय, असा प्रश्न त्या दिवसापासून आम्हांस छळू लागला आहे.

श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन हवे. त्या दृष्टीने पुण्यातील श्री. अरविंद गुप्ता यांच्या चित्रफिती आम्हांस विशेष भावल्या. आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रफिती पुष्कळदा एक-दोन मिनिटांच्या. आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून चौकोन केला तर तो डुलतो, त्रिकोण केला तर ताठ राहतो, हे तेथे दिसते; आणि पाहणारे मूल मोबाइल खाली ठेवून आगपेटी शोधू लागते. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करविणारी ही विद्या मुलाला जागेवरून उठविते, यातच तिचे थोरपण आहे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलांच्या हातून मोबाइल हिसकावू नका. पण उत्तर पाहण्यापूर्वी 'तुला काय वाटते, बाळ?' असे अवश्य विचारा. त्याचा पूर्वपक्ष ऐका. मग एकच चित्रफीत एकत्र बसून पाहा, दुसरी त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी त्याच्याच तोंडून ती ऐका, आणि जमेल ते हाताने करून पाहा.

आरंभ आजच करावा. अंगणात किंवा गच्चीवर हातभर उंचीची काठी सरळ उभी करा. दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळेत तिची सावली सर्वांत आखूड होईल. ती पाऊण हाताहून थोडी अधिक भरेल. तेथे खडूने खूण करा. दर आठवड्याला नवी खूण करीत जा. सावली आखडत जाईल आणि मे महिन्यात आपापल्या गावी एका मध्यान्ही ती काठीच्या पायाशीच नाहीशी होईल. त्या वेळी सूर्य आजच्यापेक्षा दूर असेल. पण थेट डोक्यावर असेल. ही चार महिन्यांची चित्रफीत प्रत्यक्ष सूर्यनारायण दाखवितो.

आज सायंकाळी त्याच देवळात आमचे कीर्तन आहे. पूर्वरंगात आम्ही गतवर्षीचे वाक्य पुन्हा म्हणणार आहोत, मात्र पूर्वपक्ष म्हणून. सिद्धांत सांगावयास नातीला पुढे बोलावणार आहोत.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि चूक दिसली तर तीही गोड शब्दांत सांगा.