छिन्नमानस व द्वितीय भाषा

छिन्नमानस या मनोविकृतीने ग्रस्त असलेल्या व्यक्तींची मातृभाषेहून वेगळी भाषा शिकण्याची व टिकविण्याची क्षमता हा मनोविकारविज्ञान आणि भाषाविज्ञान यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. विकृतीला तिचे रूढ पाश्चात्त्य नाव १९०८ मध्ये देणारे स्विस मनोविकारतज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विचारांच्या साहचर्यातील शैथिल्य हे तिचे मूलभूत लक्षण मानले. साहजिकच रुग्णाचे बोलणे हा निदानाचा एक प्रमुख आधार ठरला.

ही विकृती बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस वा तारुण्यात प्रकट होते. बालपणी अवगत झालेल्या भाषा तोवर पक्क्या झालेल्या असतात. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड वा दखनी आणि व्यवहारात मराठी असल्याने मूल दोन-तीन भाषा सहज उचलते. विकृती जडल्यावर या भाषा सहसा पुसल्या जात नाहीत. नवी भाषा शिकणे मात्र जड जाते. याचे कारण भाषाशक्तीचा लोप हे नव्हे. शाब्दिक स्मृती, अवधान आणि विचारप्रक्रियेचा वेग मंदावल्यामुळे वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ निसटतो. काही औषधांनी येणारी सुस्ती त्यात भर घालते. लहान पाठ, भरपूर पुनरावृत्ती व नित्याचे प्रसंग यांच्या आधारे शिकणे शक्य असते. घाई व परीक्षेचा ताण टाळावा लागतो.

निदानाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक रुग्णांविषयी देल कास्तिल्यो यांनी १९७० मध्ये नोंदविले, की मातृभाषेत उघड दिसणारी लक्षणे इंग्रजीत बोलताना झाकली जातात. १९७३ मध्ये मार्कोस व सहकाऱ्यांना नेमके उलट आढळले : इंग्रजी मुलाखतींत विकृती अधिक तीव्र भासली. दुसऱ्या भाषेत शब्द शोधताना पडणारा खंड भावशून्यता वा विचारांचा अडथळा समजला जाण्याचा धोका असतो. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. म्हणून शक्य तेथे रुग्णाशी दोन्ही भाषांत बोलणे इष्ट. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार रुग्णाला त्याच्या उपचारांची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. व्यवहारात दुभाषाचे काम बहुधा नातेवाइकांवर पडते. रुग्णाचे विसंगत वाक्य ते आपुलकीने, नकळत सरळ करून सांगतात आणि वैद्याला हवे असलेले लक्षणच नाहीसे होते.