नाव घेतलं नाही, म्हणून सुटलो?

सातारा-सांगलीकडच्या राजकीय लिखाणाची एक खास परिभाषा आहे. ‘कृष्णाकाठच्या एका कारखान्याचे चेअरमन’, ‘जिल्हा बँकेतले एक साहेब’. नाव घेतलं नाही म्हणजे आपण मोकळे, अशी लिहिणाऱ्याची समजूत. ती चुकीची आहे. वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला की नाही, एवढंच कायदा बघतो. तालुक्यात कारखाने किती आणि चेअरमन कोण, हे पारावरच्या पोरालाही पाठ असतं. शिवाय उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येच लिहिलं आहे. ‘म्हणे’, ‘सूत्रांकडून समजते’, वाक्याच्या शेवटी टाकलेलं प्रश्नचिन्ह, यांतलं काहीही ढाल म्हणून पुरत नाही.

‘खरं लिहिलंय, मग भीती कसली?’ यात अर्धंच तथ्य आहे. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात खरेपणा सिद्ध झाला की बचाव पुरा होतो. फौजदारी खटल्यात आरोप खरा असून भागत नाही, तो प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दाखवण्याचा भार लिहिणाऱ्यावर. ठेका कुणाला आणि कसा दिला, हे लोकहिताचं. घरातल्या भावकीचं भांडण कितीही खरं असलं तरी बहुधा नाही. पदाधिकाऱ्याच्या सार्वजनिक कारभारावर झणझणीत मत द्यायला मात्र कायद्याने भरपूर जागा ठेवली आहे. अट सद्भावनेची, आणि कायद्यातल्या सद्भावनेत पुरेशी खबरदारी घेणं आलंच. मनाने आपण किती स्वच्छ होतो, हे नंतर सांगून उपयोग नसतो.

खबरदारीतली कसूर महागात पडली ती याच मातीतल्या माणसाला. गोपाळ गणेश आगरकर कराड तालुक्यातल्या टेंभूचे. ते ‘केसरी’चे आणि टिळक ‘मराठा’चे संपादक असताना कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांच्या छळाची प्रकरणं गाजत होती. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणाऱ्या मजकुराला काही पत्रांचा आधार होता. ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून प्रत्यक्षात 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पत्रं त्यांनी लिहिली नव्हती, हेतूबद्दलही आज कुणी शंका घेणार नाही. प्रसिद्ध कुणी केलं, एवढा प्रश्न पुरेसा ठरला. ‘जसं आलं तसं पुढे पाठवलंय’ या ओळीवर विसंबणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

उलट बाजूचा गैरसमज म्हणजे बदनामी केली की पोलीस उचलतात. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. ज्याची बदनामी झाली त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करायची असते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. पण ‘उचलतात’ ही धास्ती हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, ती बदनामीच्या कलमाखाली नव्हे. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ होतं, जे सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. वर्षभराने, 2016 मध्ये, त्याच न्यायालयाने फौजदारी बदनामीचा कायदा मात्र वैध ठरवला.

आता हक्कभंग. मार्च 2025 मध्ये माणचे आमदार आणि ग्रामविकास मंत्री जयकुमार गोरे यांनी स्वतःवरच्या आरोपांवरून संजय राऊत, रोहित पवार आणि एका यूट्यूब वाहिनीचे संपादक यांच्याविरुद्ध विधानसभेत हक्कभंगाची सूचना दिली. काही दिवसांतच त्या संपादकांना सातारा पोलिसांनी अटक केली, ती वेगळ्या गुन्ह्यात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्हींची मिसळ होते. हक्कभंग पोलीस ठाण्यात नोंदवला जात नाही. तो सभागृहाचा अधिकार, निवाडाही सभागृहाचाच. तो नुसता कागदोपत्री असतो असंही नाही. मार्च 2008 मध्ये विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना दोन दिवसांची कैद सुनावली होती.

आमदाराला काहीही बोलण्याची मुभा असते, हेही अर्धवट. घटनेच्या अनुच्छेद 194 चं संरक्षण सभागृहातल्या बोलण्याला आहे. तोच आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर येऊन कॅमेऱ्यापुढे तेच वाक्य बोलला, तर तुमच्याआमच्यासारखाच कोर्टात खेचला जाऊ शकतो. तो आरोप तिथून उचलणाराही.

सभागृहाच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्याला अनुच्छेद 361अ सांभाळतो, द्वेषबुद्धी नसेल तर. आणीबाणीत असं संरक्षण काढून घेतलं गेलं होतं, म्हणून ते नंतर घटनेतच घातलं. पण त्यात उल्लेख वर्तमानपत्राचा आणि प्रसारण केंद्राचा आहे. ब्लॉगचं नाव नाही. ‘सकाळ’ वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्र स्वातंत्र्य नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्यातूनच येतं असं मानलं, म्हणून ब्लॉगरचं मूळ स्वातंत्र्य संपादकाइतकंच. हे जादा कवच मात्र त्याला आपोआप लागू आहे, असं गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं. निदान तारीख आणि अधिकृत कार्यवाही जवळ ठेवावी आणि कामकाजातून काढून टाकलेले शब्द छापू नयेत.

हे सगळं विधिमंडळापुरतं. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या किंवा सातारा जिल्हा परिषदेच्या सभेला 194 ही नाही आणि 361अ ही नाही. तिथे सदस्याने केलेला आरोप जसाच्या तसा टाकणाऱ्याने पुरावा स्वतःच गोळा केलेला बरा. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या राजगोपाल निकालानुसार महापालिका स्वतःच्या बदनामीची भरपाई मागू शकत नाही. अधिकाऱ्याच्या कामाबद्दल लिहिलेलं खोटं निघालं, तरी सत्याची पर्वा न करता लिहिलं हे त्या अधिकाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. चेअरमन किंवा सहकारी कारखान्याला ही आडकाठी आहे असं समजू नका. कोटींच्या आकड्यांची नोटीस आली तर एक लक्षात असू द्या: लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीला तीन.